विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म: २५ जानेवारी १७९०, ब्रॅडफर्डजवळ, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू: १६ जून १८७२, लंडन) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, सांख्यिकीतज्ज्ञ, हवामान-निरीक्षक व प्राणिशास्त्रज्ञ होते. १८२४ ते १८३१ या काळात त्यांनी पुणे, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी केली. त्याच प्रवासात जमवलेल्या नमुन्यांवरून आणि नोंदींवरून त्यांनी दख्खनमधील सस्तन प्राणी, पक्षी व मासे यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. भारतीय लांडगा, वंचक, राखी वटवट्या, साधा वटवट्या, डोमकावळा, खुद्री मासा अशा महाराष्ट्रात परिचित असलेल्या अनेक प्राण्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांच्या नावावर आहे.

परस्परांशी निकटचे नाते असलेल्या व दिसण्यात जवळजवळ सारख्या असलेल्या जाती वेगळ्या ओळखणे, हा साइक्स यांच्या प्राणिशास्त्रीय कार्याचा गाभा होता. त्यांनी केलेले काही भेद पुढील अभ्यासकांनी अमान्य केले. काही दीर्घकाळ अमान्य राहून एकविसाव्या शतकात पुन्हा मान्य झाले. काहींच्या बाबतीत त्यांच्या संक्षिप्त वर्णनामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ गोंधळ राहिला. त्यामुळे त्यांचे लेखन आजही केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे न राहता प्रत्यक्ष संशोधनात वापरले जाते.

प्रारंभीचे जीवन व लष्करी सेवा

साइक्स यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील एका कुटुंबात झाला. १८०३ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कॅडेट म्हणून दाखल झाले आणि १८०४ मध्ये त्यांना मुंबई सैन्यात अधिकारपद मिळाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या नेतृत्वाखाली भरतपूरला पडलेल्या वेढ्यात ते उपस्थित होते. पुढील काही वर्षांत त्यांनी मराठी व हिंदुस्थानी या भाषांचा अभ्यास केला व दुभाषी म्हणून पात्रता मिळवली. नंतरच्या काळात गावोगावी फिरून माहिती मिळवताना त्यांना या भाषाज्ञानाचा मोठा उपयोग झाला.

१८१७ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्यात झालेल्या युद्धात साइक्स यांनी खडकी व पुणे येथील लढायांत भाग घेतला. त्यानंतर डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमांतही ते होते. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले. १८२० मध्ये ते युरोपला गेले आणि सुमारे चार वर्षे तेथे प्रवास करून १८२४ मध्ये भारतात परतले. भारतातील पहिल्या वास्तव्यात त्यांनी वेरूळच्या लेण्यांची पाहणी केली होती. तिचे वृत्त १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

दख्खनचे सांख्यिकी निवेदक

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा मोठा प्रदेश कंपनीच्या ताब्यात आला. या प्रदेशातील लोकसंख्या, जमिनीची मालकी, पिके, वजने-मापे, मजुरीचे दर, व्यापार व हवामान यांची विश्वसनीय माहिती सरकारजवळ नव्हती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांची मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक म्हणून नेमणूक केली. त्यावेळचा अहमदनगर जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. नाशिकचा प्रदेशही त्यात समाविष्ट होता.

पाहणीचे काम चालू असताना १८२९ च्या अखेरीस हे पद रद्द करण्यात आले. तथापि साइक्स यांनी काम अर्धवट सोडले नाही. ते पुढे चालू ठेवून जानेवारी १८३१ मध्ये त्यांनी ते पूर्ण केले व त्याच वर्षी रजेवर इंग्लंडला प्रयाण केले. या पाहणीचा सारांश चार जिल्ह्यांच्या सांख्यिकीवरील विशेष अहवाल म्हणून १८३७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला. दख्खनमधील जमीनधारणा व भूस्तररचना यांवरही त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले.

प्राण्यांचे नमुने जमवणे हा त्यांच्या अधिकृत कामाचा मुख्य भाग नव्हता. परंतु मोजणी, तुलना व स्थळाची नोंद ही सांख्यिकीतील शिस्त त्यांनी प्राणिशास्त्रालाही लावली. प्राण्याची लांबी, रंग, अधिवास, पोटात सापडलेले अन्न आणि स्थानिक नाव अशा बाबी त्यांच्या नोंदींत आढळतात. एका छावणीतून दुसऱ्या छावणीकडे सतत होणाऱ्या प्रवासामुळे सह्याद्रीचा माथा, मावळ, नदीकाठ आणि पूर्वेकडील कोरडे माळ असे वेगवेगळे प्रदेश त्यांना एकाच पाहणीत तुलनेसाठी उपलब्ध झाले.

हरिश्चंद्रगड व हवामानाच्या नोंदी

साइक्स यांनी दख्खनमध्ये वायुभारमापकाच्या साहाय्याने नियमित नोंदी घेतल्या. हवेचा दाब दिवसातून दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो, हे त्यांनी या नोंदींवरून दाखवले. यावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाशी त्यांचे नाव याच निबंधामुळे जोडले गेले आहे. गडाच्या पश्चिमेकडील कड्यावर उभे असताना समोरच्या दरीत धुके दाटले होते आणि मागे सूर्य क्षितिजालगत होता. अशा वेळी धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले व त्याच्या मध्यभागी त्यांची स्वतःची, घोड्याची व सोबतच्या लोकांची सावली पडली, अशी नोंद त्यांनी केली. मराठी गिर्यारोहकांमध्ये हे दृश्य इंद्रवज्र या नावाने प्रसिद्ध आहे. साइक्स यांनी ते १८३५ मध्ये पाहिले असा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. मात्र ते वर्ष निबंधाच्या प्रकाशनाचे आहे. साइक्स १८३१ मध्येच भारतातून परतले असल्याने प्रत्यक्ष निरीक्षण त्यापूर्वीचे आहे.

सस्तन प्राण्यांची यादी

दख्खनमधील सस्तन प्राण्यांची साइक्स यांची यादी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. कुत्र्याच्या कुलातील चार प्राणी दख्खनच्या माळावर व डोंगरात आढळतात: लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसून (रानकुत्रा). यांपैकी तिघांना साइक्स यांनी नवीन जाती मानून नावे दिली. त्या तीन नावांचे पुढे जे झाले, त्यावरून निकटच्या जातींचा प्रश्न कसा सुटतो किंवा सुटत नाही, हे स्पष्ट होते.

लांडग्याला त्यांनी कॅनिस पॅलिपेस असे नाव दिले. फिकट पायांचा असा त्याचा अर्थ आहे. युरोपातील लांडग्यापेक्षा तो लहान, सडपातळ व कमी दाट केसांचा असल्याचे त्यांना आढळले. पुढील अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र जाती न मानता करड्या लांडग्याची उपजाती ठरवले. तथापि साइक्स यांचे नाव उपजातीचे नाव म्हणून टिकले. अलीकडील जनुकीय संशोधनातून भारतीय मैदानी लांडग्याची वंशशाखा अतिशय प्राचीन असल्याचे दिसून आले असून, तिला कोणता दर्जा द्यावा यावर चर्चा चालू आहे.

कोळसुनाला त्यांनी दख्खनवरून कॅनिस दुखुनेन्सिस हे नाव दिले. हा प्राणी पाळीव कुत्र्यापासून रानटी झालेला नसून मूळचाच वन्य आहे, हा मुद्दा त्या काळी महत्त्वाचा होता. नंतर हा प्राणी आशियात अन्यत्र आढळणाऱ्या व पूर्वीच वर्णन झालेल्या जातीचाच भाग ठरला आणि साइक्स यांचे नाव उपजातीपुरते राहिले.

खोकडाच्या बाबतीत साइक्स यांचे नाव टिकले नाही. कॅनिस कोक्री या नावात त्यांनी मराठी शब्दच घेतला होता. परंतु याच प्राण्याचे वर्णन बंगालमधील नमुन्यांवरून १८०० मध्ये झालेले होते. प्राणिशास्त्रीय नामकरणात आधीचे नाव ग्राह्य धरले जात असल्याने कोक्री हे नाव मागे पडले.

शेकरूचे एक फिकट रूप त्यांनी एल्फिन्स्टन यांच्या नावाने स्वतंत्र जाती म्हणून नोंदवले. तेही पुढे जातीच्या खालच्या दर्जाचे ठरले. शेकरूचा रंग सह्याद्रीच्या एका भागातून दुसऱ्या भागात बदलत जातो. थोड्या नमुन्यांवरून पाहिल्यास असा प्रादेशिक बदल जातींमधील भेदासारखा भासतो, याचे हे उदाहरण आहे.

पक्ष्यांमधील निकटच्या जाती

साइक्स यांची पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २३६ जातींचा समावेश असून त्यांपैकी ५६ जाती त्यांनी शास्त्राला नवीन म्हणून नोंदवल्या. त्यांतील बऱ्याच जाती आजही त्यांच्याच नावावर आहेत. मराठा प्रदेशावरून नाव दिलेला साइक्सचा रातवा, जॉन माल्कम यांच्या नावाचा मोठा राखाडी सातभाई, कड्यांवर घरटी करणारी धुरकट पाकोळी आणि प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या नावाचा वंचक ही त्यांची काही उदाहरणे होत.

वंचकाचे उदाहरण विशेष बोलके आहे. विणीच्या हंगामात भारतीय वंचकाचे डोके व मान पिवळसर, तर पाठ गडद तांबूस होते. चिनी वंचकाचे डोके व मान गर्द तांबूस होते. त्या काळात दोघांना ओळखणे सोपे असते. इतर काळात मात्र दोघेही तपकिरी रेघांचे व पांढऱ्या पंखांचे दिसतात आणि अनुभवी निरीक्षकालाही त्यांच्यातील फरक सांगता येत नाही. केवळ एका हंगामातील नमुन्यावर भेद ठरवणे अपुरे पडते, असे यावरून दिसते.

वटवट्यांच्या दोन जातींचे वर्णन साइक्स यांनी एकाच यादीत केले. राखी वटवट्याची पाठ राखी असून भुवईची पांढरी रेघ विणीच्या काळात दिसत नाही. साधा वटवट्या वरून मातकट तपकिरी असून त्याची भुवई फिकट असते. आकार, लांब शेपटी व गवताळ अधिवास सारखे असूनही हे दोन पक्षी वेगळे आहेत हा त्यांचा निर्णय जवळजवळ २०० वर्षांनंतरही कायम आहे.

लहान लाव्यांच्या अभ्यासासाठी साइक्स विशेष प्रसिद्ध आहेत. भारतातील लावे व दुर्लाव यांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. झुडपी रानातील लावा आणि खडकाळ माळावरील लावा हे एकमेकांशी अतिशय मिळतेजुळते पक्षी आहेत. पहिल्याचा अधिवास पानगळीची राने व दाट झुडपे हा आहे. दुसरा कोरड्या, दगडगोट्यांच्या उघड्या जमिनीवर राहतो. झुडपी लाव्याच्या नराचा कंठ गर्द तांबूस असून डोळ्यावरील पट्टी ठळक असते. खडकाळ माळावरील लाव्याच्या नरात ही पट्टी तितकी स्पष्ट नसते. माद्यांमध्ये फरक अधिक सहज दिसतो: झुडपी लाव्याच्या मादीचा कंठ तांबूस, तर दुसरीचा फिकट असतो. खडकाळ माळावरील लाव्याला साइक्स यांनी दिलेले अर्गुंडा हे नाव आजही चालू आहे. झुडपी लाव्याला त्यांनी दिलेले पेंटा हे नाव मात्र, त्या पक्ष्याचे वर्णन पूर्वी झालेले असल्याने, टिकले नाही. चोच तांबडी असलेल्या रंगीत लाव्याचे वर्णनही त्यांचेच आहे.

तुरेवाल्या चंडोलांमध्येही असाच भेद त्यांनी केला. पश्चिम घाटाच्या परिसरातील मलबारी चंडोल आकाराने मोठा असून त्याच्या छातीवर ठळक व दाट रेघा असतात. दख्खनच्या कोरड्या माळावरील चंडोल लहान, अधिक तांबूस आणि छातीवर मोजक्या बारीक रेघा असलेला असतो. या दुसऱ्या पक्ष्याला साइक्स यांनी देवा हे नाव दिले. पुढील पक्षिशास्त्रज्ञांनी त्यांच्या सन्मानार्थ त्याला साइक्सचा चंडोल म्हणण्यास प्रारंभ केला. हा पक्षी भारताबाहेर सर्वसाधारणपणे आढळत नाही.

डोमकावळ्याचे वर्णन साइक्स यांनी कॉर्व्हस कल्मिनेटस या नावाने केले होते. दीर्घकाळ तो आशियातील मोठ्या चोचीच्या कावळ्याची उपजाती मानला गेला. आवाज व जनुकीय फरक यांच्या आधारे आता अनेक अधिकृत याद्यांत तो पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून समाविष्ट झाला आहे.

रामा पर्णवटवट्याचा प्रश्न

निकटच्या जातींमधील भेद किती काळ दुर्लक्षित राहू शकतो, याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे साइक्स यांनी रामा हे नाव दिलेला लहान पर्णवटवट्या. हा पक्षी इराण व मध्य आशियाच्या पट्ट्यात वीण करतो आणि हिवाळ्यात भारतात येतो. दख्खनमध्ये साइक्स यांना मिळालेले नमुने अशा हिवाळी पाहुण्यांचेच होते.

याच्याशी अतिशय साम्य असलेल्या पक्ष्याचे वर्णन १८२३ मध्ये मार्टिन लिख्टेनश्टाइन यांनी कॅलिगाटा या नावाने केले होते. दोन्ही पक्षी लहान, मातकट आणि ठळक खुणांविना असल्याने विसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथांनी साइक्स यांच्या पक्ष्याला कॅलिगाटाची उपजाती मानले. प्रत्यक्षात साइक्सचा पक्षी अधिक फिकट व वाळूच्या रंगाचा, लांब चोचीचा आणि लांब शेपटीचा आहे. त्याच्या कपाळाची ठेवण अधिक सपाट दिसते. घरट्यांची जागा, आवाज आणि जनुकीय रचना यांचा अभ्यास झाल्यानंतर एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी दोघांना स्वतंत्र जातींचा दर्जा मिळाला. १८३२ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने केलेला भेद अशा प्रकारे सुमारे १७० वर्षांनी सर्वमान्य झाला.

दख्खनचे मासे व मराठी नावे

दख्खनमधील माशांवरील साइक्स यांचा अभ्यास १८३८ मध्ये प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे मांडला गेला. त्याचा सारांश १८३९ मध्ये व सचित्र विस्तृत निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा, मुळा-मुठा, घोड इत्यादी नद्यांतील चाळीसहून अधिक माशांची वर्णने त्यात आहेत.

या निबंधाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील नावे. मासेमारी करणारे स्थानिक लोक नदीतील सारख्या दिसणाऱ्या माशांना वेगवेगळ्या नावांनी ओळखत असत. ओठ, मिशा, खवले, पाण्याचा वेग आणि तळ यांवरून हे भेद त्यांच्या बोलीत आधीच स्थिर झाले होते. साइक्स यांनी ही नावे आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहून शास्त्रीय नावांत समाविष्ट केली. त्यामुळे खुद्री, नुक्ता, मुल्या, शिंगटी, फुलंगी यांसारख्या शब्दांची रूपे आज जगभरातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात. या मासेमारांची वैयक्तिक नावे मात्र निबंधाद्वारे पुढे आलेली नाहीत.

स्थानिक भेद किती अचूक होते, याची साक्ष मुरेह या लहान तळमाशाने दिली. साइक्स यांनी स्वतंत्र मानलेला हा मासा दीर्घकाळ उत्तर व पूर्व भारतातील बोटिया या जातीत मिसळला गेला होता. या गटाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्रचनेत मुरेह ही दख्खनमधील स्वतंत्र जाती असल्याचे पुन्हा मान्य करण्यात आले.

मसुल्ला माशाची ओळख

साइक्स यांच्या मत्स्यविषयक कार्यातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे प्रमाण नमुन्यांचा अभाव. ज्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन होते, तो संग्रहालयात जपल्यास पुढील शंका त्याच्याशी ताडून दूर करता येते. साइक्स यांच्या माशांचे असे नमुने आज ज्ञात नाहीत. संशोधकांना केवळ काही ओळींचे वर्णन, काही चित्रे व स्थळाचा उल्लेख यांवर अवलंबून राहावे लागते.

याचा परिणाम मसुल्ला या माशाच्या बाबतीत ठळकपणे दिसला. साइक्स यांनी हा मासा शिरूरजवळील घोड नदीतून नोंदवला. ही नदी पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. त्याच निबंधात त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८ मैलांवरील मुळा-मुठेतून खुद्री या माशाचे वर्णन केले. खुद्री हा महसीर असल्याविषयी पुढे एकमत झाले. मसुल्ला कोणता, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

विसाव्या शतकात भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी दख्खनमधील साइक्स यांच्या माशांच्या ओळखीचा सविस्तर विचार केला आणि मसुल्ला हाही महसीरच असल्याचे मत मांडले. त्यानंतर पाठीवर उंचवटा असलेल्या दक्षिण भारतातील महाकाय महसीरासाठी हे नाव रूढ झाले. कावेरी खोऱ्यातील हा मासा मत्स्यशिकाऱ्यांमध्ये जगप्रसिद्ध होता.

एकविसाव्या शतकात मूळ वर्णन व चित्र यांची नव्याने तपासणी झाली. महसीरांमध्ये खवले मोठे व मोजके असतात आणि खालच्या ओठामागील घडी अखंड असते. साइक्स यांचा मसुल्ला या लक्षणांशी जुळत नसून तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातील मासा असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला. परिणामी कावेरीतील उंचवट्याच्या महसीराला लावलेले नाव चुकीचे ठरले आणि इतका प्रसिद्ध मासा शास्त्रीय नावाविना राहिला.

हा प्रश्न केवळ नावापुरता नव्हता. शास्त्रीय ओळख निश्चित नसलेल्या प्राण्याचा समावेश धोक्यातील जातींच्या यादीत करता येत नाही आणि त्याच्या संरक्षणाचे नियोजनही करता येत नाही. याच काळात लोणावळ्याजवळील मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्ले कावेरीसह इतर नद्यांत सोडण्यात आली होती. कावेरीत खुद्रीची संख्या वाढली व मूळचा उंचवट्याचा महसीर दुर्मीळ होत गेला. मात्र दोन्ही केवळ महसीर म्हणून गणले जात असल्याने हा बदल बराच काळ लक्षात आला नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, कावेरीतील हा मासा केरळमधील पांबार नदीतून पूर्वी वर्णन झालेल्या रेमादेवी या जातीचाच आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त म्हणून करण्यात आला.

इंग्लंडमधील उत्तरायुष्य

साइक्स १८३३ मध्ये कर्नल या हुद्द्यासह लष्करी सेवेतून निवृत्त झाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांमध्ये त्यांचा समावेश होता. १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. १८३५ पासून १८४५ पर्यंत त्यांनी मनोरुग्णांच्या संस्थांची पाहणी करणाऱ्या आयोगावर काम केले.

१८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले व १८५६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षपदी निवडले गेले. १८५७ मध्ये ॲबर्डीन मतदारसंघातून ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत त्या मतदारसंघाचे प्रतिनिधी राहिले. १८५८ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले. प्राचीन भारतातील बौद्ध धर्म, भारतातील हवामान, तसेच उंचावरील हवेच्या अभ्यासासाठी फुग्यांचा उपयोग हे त्यांच्या उत्तरायुष्यातील आस्थेचे विषय होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

साइक्स हे जिंकलेल्या प्रदेशाची मोजदाद करणाऱ्या सत्तेचे अधिकारी होते आणि त्यांची पाहणी प्रामुख्याने महसूल व प्रशासन यांच्या सोयीसाठी होती. त्यांच्या प्राणिशास्त्रीय याद्या या कामाच्या अनुषंगाने तयार झाल्या. त्यांमागे स्थानिक शिकारी, कोळी व भोई यांचे ज्ञान होते. शास्त्रीय नावांत शब्दांच्या रूपाने ते शिल्लक राहिले असले, तरी त्याचे श्रेय स्वतंत्रपणे नोंदले गेले नाही.

त्यांच्या निर्णयांचा आढावा घेतल्यास तीन प्रकार दिसतात. वटवट्ये, चंडोल व खडकाळ माळावरील लावा यांच्या बाबतीत त्यांचा भेद टिकला. रामा पर्णवटवट्या, डोमकावळा व मुरेह यांच्या बाबतीत तो नाकारला जाऊन पुन्हा मान्य झाला. शेकरू व खोकड यांच्या बाबतीत तो मागे पडला. पहिल्या दोन प्रकारांत रंगाबरोबरच अधिवास, सवयी किंवा स्थानिक नाव यांचा आधार होता. तिसऱ्या प्रकारात रंगातील प्रादेशिक बदल किंवा पूर्वीच्या वर्णनाची माहिती नसणे कारणीभूत ठरले. मसुल्ल्याचे प्रकरण या तिन्हींपासून वेगळे आहे. तेथे भेद करण्यात साइक्स यांची चूक झाली नव्हती. तो भेद पुढच्या पिढ्यांना तपासता येईल असा नमुना मागे राहिला नव्हता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा व पारनेर या तालुक्यांच्या कोरड्या माळांवर लांडगा, खोकड, चंडोल व लावे यांसारखे साइक्स यांच्या याद्यांतील प्राणी आजही आढळतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य अशाच माळरानाचे आहे. महसुली नोंदींत पडीक समजल्या गेलेल्या या जमिनी अनेक निकटच्या जातींना परस्परांपासून वेगळे ठेवणारे अधिवास आहेत. माळ नष्ट झाल्यास खडकाळ जमिनीवरील लावा झुडपी रानात जाऊन राहत नाही, तसेच साइक्सचा चंडोल घाटमाथ्यावरील मलबारी चंडोलाची जागा घेत नाही. त्यामुळे साइक्स यांनी नोंदवलेले हे सूक्ष्म भेद माळरानांच्या संरक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरतात.